गाय हाड का चघळते?

चैत्रातली दुपार होती. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावी खरिपाच्या तयारीची बैठक आटोपून मी एका शेतकऱ्याच्या ओट्यावर पाणी पीत बसलो होतो. समोरच्या गोठ्यात एक पांढरी गाय मान वाकडी करून काहीतरी चघळत उभी होती. तोंडातून लाळ गळत होती. मला वाटले, कडब्याचे धाट असेल. घरातल्या आजीबाईंनी माझी नजर ओळखली आणि म्हणाल्या, "हाई गाय हाडकं चावस, भाऊ. तिले काय व्हयनं ते समजत नही."

जवळ जाऊन पाहिले, तर खरोखरच कुठल्या तरी मेलेल्या जनावराचे वाळके हाड. गाय तिसऱ्या वेताची. वासरू सहा महिन्यांचे झाले तरी ती माजावर आली नव्हती. दूध पाच लिटरांवरून दोनावर उतरले होते. शेजारच्यांनी दृष्ट लागली म्हणून गळ्यात काळा दोरा बांधला होता. घरच्यांनी तिला वाईट खोड लागली असे समजून दिवसभर तोंडाला मुसके बांधायला सुरुवात केली होती. मुसके काढले की गाय पुन्हा उकिरड्याकडे धावे. शेवटी घरात ठरले होते की येत्या बाजाराला भाकड म्हणून ती विकून टाकायची. आजीबाईंचा जीव मात्र तिच्यात अडकला होता.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अशी गाय आपल्या खानदेशात दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गोठ्यात दिसते. कोणी हाड चघळते, कोणी चप्पल, कोणी फडके, कोणी भिंतीची माती चाटते, तर कोणी दुसऱ्या जनावराचे मूत पिते. ही खोड नव्हे. अंगात जे कमी पडले आहे, ते जनावर मिळेल तिथून घेऊ पाहते. मुसके बांधल्याने तोंड बंद होते, कमतरता तशीच राहते.

गव्हाणीत काय होते?

मी आप्पांना, म्हणजे घरमालकांना, विचारले, "गाईला काय घालता?" ते म्हणाले, "पोटभर घालतो साहेब, उपाशी ठेवत नाही." ते खरे होते. गव्हाण दादरच्या कडब्याने भरलेली होती. सोबत थोडा गव्हाचा भुसा होता. पण हिरवे वैरण दिवाळीनंतर तिच्या तोंडाला लागले नव्हते. दूध कमी झाले म्हणून सरकीची पेंड दोन महिन्यांपासून बंद होती. मीठ कधी आठवले तर एखादा खडा.

पोट भरले होते, पण पोषण झाले नव्हते. दूध कमी झाले म्हणून पेंड बंद केली, आणि पेंड बंद केली म्हणून दूध आणखी कमी झाले. बहुतेक घरी हिशेब इथेच चुकतो.

हाड आणि फॉस्फरस

जनावराच्या अंगातले जवळजवळ ९९ टक्के कॅल्शियम आणि सुमारे ८० टक्के फॉस्फरस हाडांत व दातांत असतो. चाऱ्यातून हे क्षार पुरेसे मिळाले नाहीत, तर गाय आपल्या हाडांतला साठा काढून दुधात घालते. म्हणून पहिले काही महिने बाहेरून काही कळत नाही. साठा उतरला की मग भूक मंदावते, केस राठ होतात, माज येत नाही आणि जनावर हाडे शोधू लागते.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना शंभर वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत नीट उलगडली. तिथल्या मोठमोठ्या कुरणांवर मांसासाठी पाळलेली जनावरे अचानक लुळी पडून मरत. मूळचे स्वित्झर्लंडचे असलेले पशुवैद्य अर्नॉल्ड थायलर यांनी १९२० च्या सुमारास याचा छडा लावला. तिथल्या जमिनीत आणि म्हणून गवतात फॉस्फरस फार कमी होता. त्यामुळे जनावरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळत. त्या सडक्या हाडांत एका जंतूचे जहाल विष तयार झालेले असे, त्याने अंग लुळे पडे. म्हणजे मरण विषाने येत होते, पण त्या विषापर्यंत जनावराला नेणारी होती ती फॉस्फरसची भूक. थायलर यांनी त्या जनावरांना हाडांची निर्जंतुक पूड खाऊ घातली आणि हाडे चघळणे थांबले.

मात्र आज आपण हाडांची पूड गाई-म्हशींना घालायची नाही. १९८६ साली ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा एक भयंकर रोग ओळखला गेला. जनावरांच्या मांसाची व हाडांची पूड जनावरांनाच खाऊ घातल्याने तो पसरला होता. आता चांगल्या खनिज मिश्रणात डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात. त्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही मिळतात.

एका गाईचा हिशेब

ओट्यावर बसूनच आप्पांच्या वहीत आम्ही हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडून पाहा. आकडे ढोबळ आहेत, पण वाट दाखवायला पुरे आहेत.

साधारण ३५० किलो वजनाच्या गाईला नुसते शरीर चालवायला रोज सुमारे ११ ग्रॅम फॉस्फरस आणि १५ ग्रॅम कॅल्शियम लागते. शिवाय प्रत्येक लिटर दुधामागे चाऱ्यातून सुमारे २ ग्रॅम फॉस्फरस आणि अडीच ग्रॅम कॅल्शियम जायला हवे. म्हणजे पाच लिटर दुधाच्या गाईची रोजची गरज झाली फॉस्फरस सुमारे २१ ग्रॅम आणि कॅल्शियम सुमारे २८ ग्रॅम.

आता मिळते किती? ज्वारीच्या कडब्यात किलोमागे फॉस्फरस जेमतेम एक ग्रॅम आणि कॅल्शियम तीन ग्रॅमांच्या आसपास. सात किलो कडबा खाल्ला तर फॉस्फरस ७ ग्रॅम आणि कॅल्शियम २१ ग्रॅम. पाहा, कॅल्शियम थोडे कमी पडते, पण फॉस्फरस गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच मिळतो!

यात एक किलो सरकीची पेंड घातली की फॉस्फरस सुमारे ६ ग्रॅम वाढतो. अर्धा किलो गव्हाचा कोंडा घातला की आणखी ५ ग्रॅम. झाले १८. मग ५० ग्रॅम खनिज मिश्रण, म्हणजे दुकानात ज्याला मिनरल मिक्श्चर म्हणतात ते, दिले की फॉस्फरस ६ ग्रॅम आणि कॅल्शियम १० ग्रॅम मिळते. बेरीज होते फॉस्फरस २४ आणि कॅल्शियम सुमारे ३३. थोडा कडबा गव्हाणीतच उरतो, तो वजा धरला तरी गरज भागते.

ही बेरीज पाहून आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आम्ही गाईकडून उसने घेत होतो." मी म्हटले, "हो, आणि ती हाडातून फेडत होती."

चुन्याच्या निवळीची माझी चूक

इथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीला एका घरी अशाच गाईसाठी मी गव्हाण न पाहता चुन्याची निवळी द्यायला सांगितली होती. त्यांनी ती मनोभावे दोन महिने दिली. गाय होती तशीच राहिली, आणि त्यांनी ती विकली. पुढे मी हिशेब केला तेव्हा माझी मलाच लाज वाटली. एक लिटर पाण्यात चुना पावणेदोन ग्रॅमांपेक्षा जास्त विरघळतच नाही. म्हणजे लिटरभर निवळीत कॅल्शियम एक ग्रॅमसुद्धा नसते, आणि फॉस्फरस तर मुळीच नसतो. त्या गाईला जे हवे होते ते निवळीत नव्हतेच. निवळीने अपाय होत नाही, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. आधी गव्हाण पाहायची, मग पुडीचे नाव घ्यायचे.

जीवनसत्त्वांची गोष्ट

क्षारांबरोबर जीवनसत्त्वेही लागतात. पण सगळी विकत घ्यावी लागत नाहीत. गाई-म्हशीच्या मोठ्या पोटात कोट्यवधी सूक्ष्म जीव राहतात. 'ब' गटातली आणि 'के' ही जीवनसत्त्वे ते स्वतः तयार करतात. मात्र ब-१२ तयार करायला त्यांना कोबाल्ट हा क्षार अगदी अल्प प्रमाणात हवा असतो, तो खनिज मिश्रणातून मिळतो. 'क' जीवनसत्त्व जनावराच्या यकृतात तयार होते. 'ड' जीवनसत्त्व उन्हामुळे कातडीत तयार होते, म्हणून दिवसभर अंधाऱ्या गोठ्यात बांधलेल्या जनावराला रोज थोडा वेळ तरी कोवळ्या उन्हात बांधावे.

राहिले 'अ' जीवनसत्त्व. उन्हाळ्यात आपल्याकडे खरी अडचण याचीच येते. ते हिरव्या पाल्यातल्या कॅरोटिनपासून मिळते. कडबा उन्हात वाळून पिवळापांढरा झाला की कॅरोटिन जवळजवळ संपते. जनावर पावसाळ्यात हिरवे खाऊन यकृतात 'अ' चा साठा करते. तो साधारण तीन-चार महिने पुरतो. दिवाळीनंतर हिरवे बंद झाले तर फाल्गुन-चैत्रापर्यंत साठा संपतो. मग डोळ्यांतून पाणी येते, संध्याकाळी जनावर ठेचाळते, गाभण गाय अशक्त किंवा आंधळे वासरू टाकते, वार अडकते. वासराच्या अंगी जन्मताना हा साठा फारसा नसतो. तो त्याला आईच्या चिकातून मिळतो. म्हणून चीक वासराला पहिल्या दोन तासांत पाजलाच पाहिजे. वार पडण्याची वाट पाहत बसू नये.

यावर उपाय स्वस्त आहे. रोज दोन-तीन किलो हिरवा पाला 'अ' जीवनसत्त्वाची गरज बरीचशी भागवतो. विहिरीला थोडे पाणी असेल तर गुंठा-दोन गुंठे लसूणघास लावा. पाणी नसेल तर बांधावर शेवरी, शेवगा, सुबाभूळ लावा. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. आपल्या धुळ्याकडच्या डोंगरांत अंजनाला उन्हाळ्यात नवी पालवी फुटते. आपले जुने लोक तो पाला जनावरांना आणत, ते शहाणपणाचेच होते. पावसाळ्यात मका किंवा ज्वारीचा मुरघास करून ठेवला, तर उन्हाळ्यात तोही उपयोगी पडतो.

गाव बदलले की गव्हाण बदलते

रावेर-यावलकडे केळीचे खोड आणि पाने जनावरांना घालतात. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. वीस किलो खोड खाऊन जनावराला सुका ऐवज जेमतेम एक-दीड किलो मिळतो. पोट मोठे दिसते, शेण पातळ होते, आणि जनावर मात्र खंगते. खोडात पोटॅशियम भरपूर आणि फॉस्फरस थोडा. म्हणून खोडाबरोबर सुका कडबा, पेंड, मीठ आणि खनिज मिश्रण हवेच.

जिथे उसाचे वाढे घालतात, तिथे वाढ्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. नुसत्या वाढ्यावर जनावर महिनोन्महिने ठेवू नये.

कापसाच्या पट्ट्यात सरकी आणि तिची पेंड भरपूर. मोठ्या जनावराला ती चांगली. पण चार महिन्यांच्या आतल्या वासराला सरकी देऊ नका. तिच्यातला गॉसिपॉल हा विषारी घटक पचवण्याइतके त्याचे पोट तयार झालेले नसते.

जास्त दिले तर?

कमी पडते म्हणून कितीही द्यावे, असेही नाही. क्षारांचे काम तराजूसारखे आहे. कॅल्शियम साधारण फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे.

बैलाचे उदाहरण घ्या. पोळ्याच्या आधी बैल भरावा म्हणून कोणी रोज तीन-तीन किलो कोंडा आणि पेंड चारतो. दोन्हींत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नगण्य. अशा बैलाला मुतखडा होऊ शकतो. बडवलेल्या बैलाची मूत्रनळी अरुंद असते. खडा अडकला की बैल पाठ वाकवून कुंथतो, शेपटी वरखाली हलवतो आणि लघवी थेंब थेंब होते. अशा वेळी रात्र उजाडण्याची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. कामाच्या बैलाला कडबा, एक-दीड किलो पेंड-भरडा, ३० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि भरपूर पाणी पुरे आहे. बैल दूध देत नाही म्हणून त्याला क्षार लागत नाहीत, हाही गैरसमजच. नांगर ओढताना घामातून मीठ जाते आणि हाडांवर भार पडतो.

आणखी चार सावधगिरीच्या गोष्टी. सुपर फॉस्फेट, रॉक फॉस्फेट किंवा डीएपी ही खते चुकूनही जनावराला खाऊ घालू नका. काही खतांतल्या फ्लोरिनने दात आणि हाडे कायमची बिघडतात. गाईंचे खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यातले तांबे गाईला लागते, मेंढीला मात्र त्याची विषबाधा होते. व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे गाईला कॅल्शियमची भरमसाठ औषधे पाजू नका. त्याने हाडांतून कॅल्शियम काढण्याची तिची सवय मोडते, आणि व्याल्यावर दुग्धज्वर होऊन गाय आडवी पडते. आणि जीवनसत्त्वाचे इंजेक्शन डॉक्टरांच्या सांगण्यावाचून टोचून घेऊ नका. 'अ' जीवनसत्त्व जास्त झाले तर तेही बाधते.

म्हशीच्या बाबतीत आणखी एक खूण लक्षात ठेवा. व्याल्यानंतर पहिल्या महिन्या-दीड महिन्यात लघवी लाल किंवा कॉफीसारखी झाली, तर ते बहुधा फॉस्फरसच्या कमतरतेने रक्तपेशी फुटल्याचे लक्षण असते. गोचिडांच्या तापातही लघवी लाल होते. दोन्हींचा इलाज वेगळा आहे. ओळखणे आपले काम नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर आणावा. उशीर झाला तर म्हैस हातची जाते.

घरी काय करावे?

१. पहिल्यांदा शेण तपासून घ्या. पोटात जंत असतील तर दिलेले सारे त्यांच्याच कामी येते. जंताचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या.

२. भाकड किंवा कमी दुधाच्या गाईची पेंड पूर्ण बंद करू नका. कमी करा, पण अर्धा-एक किलो चालू ठेवा.

३. खनिज मिश्रण रोज द्या. वासराला २० ते २५ ग्रॅम, कालवडीला, भाकड गाईला आणि बैलाला ५० ग्रॅम. दुभत्या जनावराला दुधाप्रमाणे वाढवत न्यावे. जास्त दुधाच्या संकरित गाईला किंवा म्हशीला १०० ते २०० ग्रॅम लागते. पेंडीत किंवा भरड्यात कालवून द्यावे.

४. पिशवीवरचा मजकूर वाचा. भारतीय मानक ब्युरोचे खनिज मिश्रणासाठी १६६४ क्रमांकाचे मानक आहे. मीठ न घातलेल्या मिश्रणात कॅल्शियम किमान २० टक्के आणि फॉस्फरस किमान १२ टक्के असावा. नुसतीच रंगीत पुडी आणि आत चुनखडीची भुकटी असली, तर पैसे पाण्यात.

५. मीठ वेगळे. रोज २५ ते ३० ग्रॅम, किंवा गव्हाणीजवळ मिठाचा खडा टांगून ठेवा. समोर पाणी असू द्या.

६. रोज दोन-तीन किलो तरी हिरवे. कडब्याची कुट्टी करा, आणि गंजी पावसात भिजू देऊ नका.

७. गावात मेलेले जनावर उघड्यावर टाकू नका. खोल पुरा. हाड दिसलेच नाही तर चघळण्याचा धोकाही टळतो.

धुळे, ममुराबाद आणि पाल येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आपल्या चाऱ्याबद्दल विचारावे. विचारायला संकोच कसला!

त्या गाईचे पुढे काय झाले?

आप्पांनी बाजार पुढे ढकलला. डॉक्टरांनी शेण तपासून जंताचे औषध दिले आणि गर्भाशय निरोगी असल्याचे सांगितले. पेंड, कोंडा, मिश्रण आणि मीठ सुरू झाले. सूनबाई रोज संध्याकाळी बांधावरून शेवरीची एक पेंढी आणू लागल्या. पुडीचे माप म्हणून आजीबाईंनी घरातली एक जुनी वाटी तराजूवर तोलून ठरवून ठेवली.

महिन्याभराने मी गेलो तेव्हा मुसके खुंटीला टांगलेले होते आणि गाय हाडाकडे पाहत नव्हती. दूध एकदम वाढले नाही, अर्धा-पाऊण लिटर वाढले. आषाढात ती माजावर आली. पहिल्यांदा ठरली नाही, दुसऱ्यांदा ठरली. चमत्कार काही झाला नाही. जे तिचे होते ते तिला परत मिळू लागले, एवढेच.

प्रत्येक गायीच्या बाबतीत असेच होईल असे मी म्हणणार नाही. माज न येण्याला दुसरीही कारणे असतात, आणि ती डॉक्टरच शोधू शकतात. पण जनावर बाजाराच्या वाटेला लावण्यापूर्वी एकदा गव्हाणीपाशी उभे राहा. गेल्या सहा महिन्यांत तिच्यात काय पडले आणि काय पडले नाही, ते घरातल्या बाईमाणसांना विचारा. वैरण-पाणी, शेणगोठा, धार हे बहुतेक त्यांच्याच हातचे असते. गाय हाड चघळते हे सगळ्यांत आधी त्यांनाच दिसते. त्या घरीही ते आधी आजीबाईंनाच दिसले होते. त्यांचे म्हणणे त्याच दिवशी कोणी ऐकले असते, तर मुसके बांधायची वेळच आली नसती.